बॉल सोड, पोरगा बघ

पोरी,

फुटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळणाऱ्या त्या पोराची मॅच बघून तो कसा खेळतो यावर तू लिहून पाठवलेलं पान काल रात्री झोपायच्या आधी वाचलं आणि झोपच उडाली. काकूने विचारलं, कुणाचं काय झालं का, म्हटलं काही नाही, एका सोळा वर्षांच्या पोराला कुणीतरी 'स्लो' म्हटलंय. ती कूस बदलून झोपली. तिला सवय आहे.

पानाच्या खाली तू लिहिलंयस की "काका, तो चांगला आहे का नाही मला कळतच नाहीये, दर क्वार्टरला माझं मत बदलत होतं." अख्ख्या पानात तेवढं एक वाक्य तुझं आहे, बाकीचं कुणीही लिहिलं असतं. बलस्थानं काय, तर बॉल मिळवतो, एक्सप्लोजिव्ह आहे, हात चांगले. उणिवा काय, तर स्लो, एकाच पायाचा, डिफेन्समध्ये कमी पडतो. अगं, वरती एक्सप्लोजिव्ह आणि खाली स्लो, एकाच पोराबद्दल एकाच पानावर. कोचने हे वाचून काय करायचं, अर्धा पोरगा खेळवायचा आणि अर्धा बाकावर बसवायचा?

आता गंमत अशी की दोन्ही खरं असू शकतं. कम्बाइनमध्ये, म्हणजे पोरांचा वेग-दम मोजतात त्या चाचणीत, 20 मीटरची स्प्रिंट लावतात तेव्हा 5 आणि 10 मीटरलाही वेळ टिपतात, ते काय हौस म्हणून नाही. काही पोरं पहिल्या पाच मीटरात अशी सुटतात की बघतच राहावं आणि पुढे त्यांचा वेग संपतो, आणि काहींचं बरोबर उलटं, इंजिन तापायलाच दहा मीटर लागतात पण मग कुणाच्या हाती लागत नाहीत. स्टॉपेजच्या, म्हणजे खेळ थांबवून अंपायर बॉल परत टाकतो तिथल्या, गर्दीत खेळणाऱ्या मिडफील्डरला पाच मीटर पुष्कळ झाले, विंगवर उभं केलंस तर नाही पुरणार. म्हणजे तुला दिसलं होतं बरोबर, पण काय दिसलं ते तुलाच कळलं नाही, कारण तू पूर्णवेळ बॉल बघत होतीस.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते परत परत बोलणार आहे, तू वैतागलीस तरी. बॉल सोड. पोरगा बघ.

हिशोब कर की जरा, एवढी शिकलीयेस. तुझ्या आकड्यांप्रमाणे त्याने 23 वेळा बॉल पायाने मारला नाहीतर हँडबॉल केला, म्हणजे मुठीने मारून पास दिला. एका वेळेला बॉल हातात किती, दोन नाहीतर तीन सेकंद. झालं मिनिटभर. मॅच तासाच्या वर चालली. म्हणजे एक मिनिट बघून तू पानभर निकाल दिलास आणि उरलेला तासभर पोरगा मैदानात काय करत होता त्याचा एक शब्द नाही!

मी ओरडतोय असं वाटेल, ओरडतोयच. पण तुझ्यावर कमी आणि माझ्यावर जास्त, ते पुढे येईल.

तासभर बघायचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. त्याने किक मारली की तुझी मान किकमागे जाऊ देऊ नकोस. तो काय करतो बघ. उभा राहून स्वतःच्या किककडे बघत बसतो का पाय चालूच असतात? किक चुकली की हातांकडे बघतो, अंपायरकडे बघतो, का मागे फिरून पळत सुटतो? बॉल समोरच्या टीमकडे गेला त्या क्षणाला त्याचं डोकं कुठे वळतं, बॉलकडे का आपल्या माणसाकडे? स्टॉपेजला अंपायर बॉल हातात घेऊन उभा असतो ना, ती चार-पाच सेकंद म्हणजे सोनं आहे, तेव्हा तो कुठे उभा आहे ते बघ. आपल्या गोलच्या बाजूने, म्हणजे बॉल गेलाच तर मध्ये आपण असू असा, का रकमनच्या, म्हणजे उडी मारून तो बॉल खाली देणाऱ्या उंच गड्याच्या, पुढ्यात, सगळं आपल्यालाच मिळणार अशा थाटात? तू "डिफेन्समध्ये कमी" लिहिलंस. कमी म्हणजे काय? दमून मागे येत नाही, का मागे यायचं असतं हेच त्याला कुणी शिकवलं नाही, का येतो पण चुकीच्या माणसामागे येतो? तिन्हीचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला पळायला लाव, दुसऱ्याला शिकव, तिसऱ्याला व्हिडिओ दाखव. तुझ्या दोन शब्दांवरून कोचला यातलं काय कळणार?

आणि एकाच पायाचा. हो, आहे, मी पण बघितलाय त्याला. पण पाय सगळ्यात शेवटी बघायचा गं. कंबर बघ. खाली वाकून बॉल उचलला की तो दर वेळी उजवीकडेच वळतो, बॉल उजव्या पायावर यावा म्हणून. पहिल्या क्वार्टरमध्ये चालतं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत समोरच्या एखाद्या हुशार पोराच्या लक्षात येतं आणि तो आधीच उजवीकडे येऊन थांबतो, की पडला टॅकल, वाजली शिट्टी, होल्डिंग द बॉल, बॉल धरून ठेवल्याचा फाउल. लोकांना वाटतं पकडला गेला म्हणजे स्लो आहे. तो स्लो नाहीये, तो कुठे जाणार ते सगळ्यांना माहितीये! हँडबॉलचंही तेच, उजवी मूठच चालते, डाव्या मुठीने एकदा तरी मारला का मोज. मी मागच्या रविवारी मोजलं, शून्य. आता हे तू लिही की, "बॉल उचलल्यावर फक्त उजवीकडे वळतो, डाव्या मुठीने हँडबॉल नाही", बघ कोच उद्यापासून ट्रेनिंगला काय करतो ते.

अजून एक, त्याची जन्मतारीख विचारलीस? नसशील. इथे वयोगट 1 जानेवारीला ठरतात, त्यामुळे जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच टीममध्ये एकाच वर्षाचे म्हणून खेळतात आणि सोळाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे काय असतं ते घरी पोरगा वाढवलेल्याला विचार, एका हिवाळ्यात पँटी आखूड होतात. 'अंगाने कमी पडतो' लिहायच्या आधी कॅलेंडर बघ. तुझा पोरगा नोव्हेंबरचा आहे. त्याच्या आईला कॅन्टीनच्या रांगेत विचारलं मी, सॉसेज घेता घेता. दोन मिनिटांचं काम.

आता माझं.

कोल्हापूरचा माणूस मी, तुला माहितीये. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठांच्या मॅच बघत वाढलो, तो फुटबॉल वेगळा, गोल बॉलचा, पण खुळ तेच. मेलबर्नला आलो तेव्हा हा अंडाकृती बॉल, अठरा-अठरा माणसं आणि एवढं मोठं मैदान बघून पहिलं वर्षभर हसलो. मग पोराला ऑसकिकला, म्हणजे लहान पोरांच्या फुटीच्या वर्गाला, घातलं आणि अडकलो. बाप लोकांना काहीतरी काम द्यायचंच असतं, मला गोल अंपायर केला. पांढरा कोट, हातात दोन झेंडे, गोल झाला की दोन हलवायचे, बिहाइंड, म्हणजे एकाच पॉइंटचा, झाला की एक. सहा वर्षं ते केलं. आणि गोल अंपायरचं कामच मुळी बॉल बघायचं, खांबाला लागला का, रेषेच्या पार गेला का, कुणाचा हात लागला का. सहा वर्षं मी बॉल सोडून काहीच बघितलं नाही आणि सहा वर्षांनी मला वाटायला लागलं की आपल्याला फुटी कळते.

त्या जोरावर सिलेक्शनच्या टेबलावर बसलो. आमच्या अंडर-16 मध्ये एक पोरगा होता, काटकुळा, गुडघ्यांना कायम चिखल. वरच्या स्क्वॉडच्या ट्रायलसाठी कागद भरायचा होता. मी लिहिलं, स्लो, वन-साइडेड. दोन शब्द. पेन खाली ठेवायला जेवढा वेळ लागला तेवढाही विचार केला नाही. त्याला बोलावणं आलं नाही. पुढच्या सीझनला तो आलाच नाही.

बरं, स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. 20 मीटरला 3.3 सेकंद आला होता. घड्याळ मी लावलं, पण घड्याळ मी बनवलं नव्हतं. चांगली पोरं तीनच्या आसपास येतात, हा 3.3. टेबलावर आम्ही चौघं होतो, मी एकटा नव्हतो, आणि बाकी तिघांपैकी कुणी काही बोललं नाही. आणि त्या वयात असा वेळ आलेल्या शंभरातल्या नव्वदांबद्दल मी लिहिलं ते बरोबरच निघतं, हे मी आजही म्हणतो. प्रत्येक हळू पोरात हिरा शोधत बसलो तर टीम निवडून होणार नाही.

पण मग काही वर्षांनी आम्ही बॅलरॅटच्या पलीकडे कुणाकडे तरी चाललो होतो आणि वाटेत एका गावात मॅच चालू दिसली. गाड्या बाउंड्रीला नाक लावून उभ्या, गोल झाला की हॉर्न. थांबलो पाच मिनिटं म्हणून. आणि तिथे तो. दाढी आलेली, पोट थोडं सुटलेलं, पण तोच. मी गाडीतच बसून होतो, पुढे दोन यूट गाड्या उभ्या, बॉल मला धड दिसतच नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाकडे अख्खा क्वार्टर बघितलं. बॉल येण्याच्या आधी तो तिथे पोचलेला असायचा. दर वेळी. बाकीचे बॉल कुठे आहे तिकडे पळत होते, हा बॉल कुठे पडणार तिकडे चालत जात होता. चालत! त्याला वेगाची गरजच नव्हती. आणि हे तो सोळाव्या वर्षीही करतच असणार, माझ्या डोळ्यासमोर, वीस मॅच.

काकू म्हणाली जाऊन बोल. नाही गेलो. काय बोलणार होतो?

तू आता म्हणशील काका, सॅम मिचेल. सगळे म्हणतात. 2001 चा ड्राफ्ट, म्हणजे मोठे क्लब नवी पोरं नंबराने निवडतात तो, त्यात ल्यूक हॉज, ल्यूक बॉल, क्रिस जड असे पहिले तीन गेले आणि मिचेल 36 नंबरला, छोटा आहे, हळू आहे म्हणून. त्याच ड्राफ्टमध्ये डेन स्वॉन 58 ला. स्वॉनने 2011 चं ब्राउनलो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, नेलं, मिचेलला 2012 चं मिळालं, उशिरा आणि वाटून का होईना. दहा वर्षांनी लॅकी नील, तोही 58, त्याची तर दोन ब्राउनलो. 168 सेंटिमीटरचा केलब डॅनियल हेल्मेट घालून 2016 ची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून गेला. ही यादी मला पाठ आहे आणि कृपा करून ती त्या पोराला ऐकवू नकोस. धीर द्यायला ही नावं घेतात लोक आणि मग पोरगं घरी जाऊन काहीच करत नाही, आपण पण मिचेलसारखे स्लो आहोत म्हणून खूश. मिचेलला दोन पाय होते. दोन्ही पायांनी तो अशा किका मारायचा की त्याचा मूळ पाय कुठला, डावा का उजवा, हे ओळखता यायचं नाही, त्यामुळे तो कुठे वळणार ते कुणाला कळायचं नाही. आपला पोरगा उजवीकडे वळतो. अख्ख्या लीगला माहितीये.

आणि आकडे टाकून दे असंही मी म्हणत नाहीये, तुझ्या पिढीचा तो लगेच गैरसमज होतो. क्लिअरन्स, म्हणजे गर्दीतून बॉल किती वेळा बाहेर काढला, ते मोज, कॉन्टेस्टेड पझेशन, म्हणजे झटापटीत बॉल किती वेळा मिळवला, ते मोज, टॅकल मोज. जीपीएसचं बनियन घालतात ना तुमच्याकडे, तेही बघ, पोरगा किती किलोमीटर पळाला ते कळेल. पण आठ किलोमीटर पळाला म्हणजे मेहनती, असं लिहू नकोस, चुकीच्या जागी उभा राहणाऱ्यालाच सगळ्यात जास्त पळावं लागतं. माझा तो बॅलरॅटवाला त्या मशीनमध्ये आळशी दिसला असता.

पहिल्या दहा मिनिटांत तुला भयंकर कंटाळा येईल, आधीच सांगतो. लोक ओरडतील, गोल होईल, आणि तू बघत असशील एक पोरगा कमरेवर हात ठेवून श्वास घेतोय. मान आपोआप वळेल. वळू देऊ नकोस. मला अजूनही जमत नाही कधीकधी, मी टोपी पुढे ओढून बसतो घोड्याच्या झापडांसारखी, लोक हसतात.

येत्या रविवारी मॅच साडेनऊला आहे. बाउंड्रीच्या मध्यावर सगळे आईबाप उभे असतात तिथे उभी राहू नकोस, गप्पांत जातं सगळं, शहराकडच्या गोलच्या मागे ये, मी तिथेच असतो. थर्मासमध्ये चहा आणतो, तू छत्री आण, पावसाचं सांगितलंय. फोन गाडीत ठेव. त्याचा नंबर 31 आहे. पहिला हाफ फक्त 31, स्कोर काय झाला ते मला विचारायचं नाही, मी पण नाही सांगणार. पान हाफटाइमला लिहायला घेऊ.

आणि ते 'एक्सप्लोजिव्ह' आजच खोड.

काका