‘जेवलास का?’ या प्रश्नाच्या पुढे

रत्नागिरीतील माझ्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या पालकांकडून एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, समोरच्या व्यक्तीचे पहिले वाक्य संपण्यापूर्वी पुढची दोन मला ठाऊक असतात. मुलगा किंवा मुलगी मुंबई-पुण्याला असते, क्वचित आखातात असते. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. ‘जेवलास का?’, ‘पाऊस आहे का?’, ‘बाबांनी गोळी घेतली का?’ एवढे विचारून होते आणि मग दोन्हीकडची माणसे पडद्यावर एकमेकांकडे नुसती पाहत बसतात. भांडण झालेले नसते, अबोलाही नसतो, तरीही ‘मुले दुरावली’ ही खंत पालकांच्या मनातून जात नाही.

माणसे दूर असण्याची कोकणाला जुनी सवय आहे. मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर महिन्याने यायची आणि तिच्या कुपनावरच्या चार ओळी घरभर वाचल्या जायच्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा गणपतीला आणि शिमग्याला येणे सोपे झाले. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि लेकरांचा चेहरा रोज दिसू लागला. रोज दिसतो म्हणूनच साठवून सांगण्यासारखे काही उरत नाही, असे पालक म्हणतात. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. एका घरात राहणारी माणसे दिवसभर एकमेकांना दिसतात आणि तरी त्यांचे बोलणे संपत नाही, कारण बोलत असताना ती बहुधा काहीतरी करत असतात. कोणी भाजी निवडत असते, कोणी नारळ सोलत असते. फोनवर आपण फक्त बोलतो, आणि हातांना काम नसलेले बोलणे फार लवकर चौकशीवर येते.

ज्या कुटुंबामुळे हा विचार माझ्या मनात पक्का झाला, त्या कुटुंबातील आईला मी येथे सुमतीताई म्हणते. ओळख पटू नये म्हणून सर्व नावे आणि काही तपशील बदलले आहेत. राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात सुमतीताई आणि त्यांचे एस.टी.तून निवृत्त झालेले यजमान राहतात. मुलगा पुण्यात नोकरी करतो. सून मधुरा नागपूरकडची. लग्नाला दोन वर्षे झाली होती. सुमतीताईंनी आल्या आल्या जे सांगितले, ते असे (त्यातले तिरफळ म्हणजे कोकणात माशाच्या कालवणात घालतात तो मसाला):

“मॅडम, घरचा मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले, आमच्या झाडाची तिरफळे, सगळे डबे भरून पाठवले. परवा फोनवर तिच्या मागची फळी दिसली. तिरफळाची बरणी तशीच आहे. चार दाणे काय ते कमी झालेत.”

“मधुराला त्याबद्दल विचारलेत का?”

“तिला कशाला विचारू? मुलाला विचारले. तो म्हणाला, तिला वेळ नसतो.”

या उत्तरात त्या घराचे निम्मे दुखणे होते. सासूला काही सांगायचे असले की ती मुलाला सांगत असे, सुनेला काही सांगायचे असले की ती नवऱ्याला सांगत असे, आणि तो बिचारा दोन्हीकडचे निरोप स्वतःच्या सोयीने मऊ करून पोहोचवत असे. कुटुंबाकडे पाहण्याची माझी दृष्टी ज्यांच्यामुळे घडली, ते अमेरिकन मनोचिकित्सक मरी बोवेन यांनी १९५४ ते १९५९ या काळात रुग्णासोबत त्याचे संपूर्ण कुटुंबच रुग्णालयात राहायला आणून त्यांच्यातील व्यवहार पाहिले होते. दोन माणसांमध्ये ताण वाढला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, त्यामुळे ताण थोडा हलका वाटतो पण मूळ दोघांचे नाते जेथल्या तेथे अडकून राहते, हे त्यांचे म्हणणे. कोकणातल्या कितीतरी घरांत मला त्याची प्रचिती आली आहे. म्हणून मुलाला मधून काढायचे, हे माझ्या दृष्टीने पहिले काम होते. रविवारी सकाळी सुमतीताईंनी थेट मधुराला फोन करावा, आणि दोघींनी आपापल्या ओट्यापाशी उभे राहून एकच पदार्थ करावा, असे मी सुचवले. पदार्थ त्यांनीच निवडला: घावणे, म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी.

पहिला रविवार फसला, आणि तो फसेल याची मला कल्पना होती. मधुराचे घावन तव्याला चिकटले. मग सुमतीताईंनी तिला ओट्यावर कॅमेरा फिरवायला लावला, नॉनस्टिक तव्याबद्दल मत दिले, पीठ दळून आणले की विकत आणले याची विचारणा केली, आणि शेवटी “राहू दे, तू पोळ्याच कर” असे म्हणून फोन ठेवला. पुढच्या भेटीत त्या रागावूनच आल्या.

“एवढे सोपे आहे, मॅडम. पीठ ताकासारखे पातळ करायचे, तवा चांगला तापवायचा, कडेने ओतत आत यायचे. यात चुकण्यासारखे काय आहे?”

मी विचारले, “तुमचे पहिले घावन कसे झाले होते?”

त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प राहणे सर्वांत उशिरा जमते, आणि मला ते आता जमते असे मी संकोच न बाळगता म्हणेन. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “फाटले होते.” मग एकेक गोष्ट बाहेर आली. लग्न होऊन त्या घाटावरून, कराडकडून, कोकणात आल्या होत्या. हे त्यांनी मला तोवर सांगितलेच नव्हते. माहेरी भाकरी होती, तांदळाचे घावन त्यांनी पाहिलेही नव्हते. बिडाच्या तव्यावर त्यांची पहिली घावने चिंधड्या होऊन निघाली, तेव्हा सासूबाईंनी शब्द न बोलता ती उचलली आणि दारच्या गाईला घातली. त्या दिवशी घरात पाहुणे होते.

“हे मधुराला माहीत आहे?”

“ह्यांनासुद्धा माहीत नाही.”

मी त्यांना कोणताही उपदेश केला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा घावणेच करा, आणि तवा तापेपर्यंत तिला ही गोष्ट सांगा, एवढेच म्हटले. “सुनेसमोर स्वतःची फजिती सांगायची?” असे त्यांनी दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा “हो” म्हणाले.

त्या रविवारी काय झाले, ते मला आधी सुमतीताईंकडून आणि नंतर ऑनलाइन भेटीत मधुराकडून कळले, आणि दोघींचे सांगणे जवळपास सारखे होते. गाईची गोष्ट ऐकून मधुरा आधी हसली. मग तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, “आई, मी पण एक सांगू?” लग्नानंतर काही महिन्यांनी, नवरा कामासाठी बाहेरगावी असताना, तो आल्यावर त्याला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून तिने बांगड्याचे तिखले करून पाहिले होते. आयुष्यात समुद्राचा मासा तिने पहिल्यांदाच हातात धरला होता. तिरफळे तिने बियांसकट मिक्सरमध्ये वाटली. कालवण कडू झाले, जीभ बधिर झाली. तिने सगळे टाकून दिले, भांडी घासून ठेवली आणि कोणालाही सांगितले नाही. बरणी तेव्हापासून फळीवर होती. उघडली तर पुन्हा चुकेल, आणि परत पाठवली तर सासूबाई दुखावतील, म्हणून ती तशीच राहिली.

सुमतीताई मला म्हणाल्या, “तिरफळातले काळे बी काढून टाकायचे असते आणि नुसती साल जराशी ठेचून घालायची असते, हे मी तिला सांगितलेच नव्हते. सांगायचे असते हेच मला सुचले नाही.”

त्यांच्या या वाक्यात मला त्या घराची गाठ सुटलेली दिसली. आपल्या आया-आज्यांना ‘किती घालू?’ असे विचारले की ‘अंदाजाने’ असे उत्तर येते, आणि आपण ते कौतुकाने सांगतो. पण तो अंदाज ज्याच्या हातात नाही, त्याला या उत्तराने बाहेरच उभे केले जाते. घावनाचे पीठ दर वेळी ढवळून घ्यावे लागते, नाहीतर तांदूळ खाली बसतो आणि वर नुसते पाणी राहते. सुमतीताईंचा हात ते आपोआप करत होता, तोंड मात्र कधी बोलले नव्हते. एकाच स्वयंपाकघरात असत्या तर मधुराने ते पाहून उचलले असते. फोनवर शब्दांत सांगणे भाग पडले. शब्दांत सांगायचे तर समोरच्याला काय माहीत नाही हे शोधावे लागते, आणि शोधायचे तर त्याला आरोप न करता विचारावे लागते. बरणी न उघडण्याचा अर्थ सुमतीताईंनी ‘अनादर’ असा लावला होता आणि मधुराच्या लेखी तो ‘भीती’ असा होता. मुलामार्फत निरोप जात राहिले असते, तर ही गाठ आणखी दहा वर्षे राहिली असती, असे माझे ठाम मत आहे.

येथे थांबले असते तरी चालले असते, पण मी आणखी एक पाऊल सुचवले आणि ते मला या कामातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. आता मधुराने शिकवावे आणि सुमतीताईंनी शिकावे. मधुराने पाटवडी निवडली. राजापूरच्या स्वयंपाकघरात बेसनाच्या गुठळ्या झाल्या, पुण्याहून “आई, गॅस बारीक करा, थाळीला आधी तेल लावून ठेवा” अशा सूचना येत राहिल्या आणि सुमतीताईंना कित्येक वर्षांनी कोणाचे तरी ऐकून घ्यावे लागले. वडीलधाऱ्यांना हे जड जाते. पण ज्या नात्यात एकच जण नेहमी शिकवतो, तेथे दुसऱ्याला बोलायला फक्त ‘हो आई’ एवढेच उरते, आणि मग फोन दोन मिनिटांत संपतो याचे नवल वाटू नये. त्या रविवारी बोलणे पाटवडीवरून मधुराच्या आजीवर, तिथून तिच्या वडिलांच्या आजारपणावर गेले. दोन वर्षांत ते आजारपण सुमतीताईंच्या कानावर आले नव्हते.

मुलाचे काय, असे वाचक विचारतील. त्याला मी निरोप्याच्या कामातून मोकळे केले आणि नारळ खवण्याच्या कामाला लावले. स्वयंपाकाच्या निमित्ताने नाती जोडायची म्हणजे दोन बायकांनी ओट्यापाशी उभे राहायचे आणि पुरुषांनी ताटावर येऊन बसायचे, असा अर्थ कोणी काढू नये. सावंतवाडीकडचे एक निवृत्त शिक्षक पत्नीच्या निधनानंतर माझ्याकडे येत असत. वसईला राहणाऱ्या धाकट्या बहिणीशी त्यांचे वर्षातून एकदा, भाऊबिजेला, बोलणे होई. कुळथाची पिठी कशी करतात हे तिला विचारण्यासाठी त्यांनी पहिला फोन केला. आज संध्याकाळचा भात शिजेपर्यंत भाऊ-बहीण बोलतात, आणि गेलेल्या पत्नीचे नाव त्या बोलण्यात सहज येते, जे माझ्या खोलीत येत नव्हते.

मैत्रीलाही हेच लागू पडते. शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप आहे, पण त्यावर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखेरीज काही नसते, अशी तक्रार करणाऱ्या एका बाईंना मी सांगितले की, तेथे एखादी खरी अडचण लिहा. त्यांनी लिहिले, “बरक्या फणसाची सांदणे करते, पण हलकी होत नाहीत. कोणी सांगेल का?” दुपारपर्यंत कणी किती भरड हवी यावर वाद रंगला आणि रात्री त्यातल्या एकीने थेट फोन केला. पाककृतीचे चकचकीत व्हिडिओ पुढे पाठवल्याने असे होत नाही, कारण त्यांत उत्तर आधीच दिलेले असते आणि समोरच्याला करण्यासारखे काही ठेवलेले नसते.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांना माझे सांगणे असे की, रोज करू नका. आठवड्यातून एक वेळ ठरवा आणि ती दोघांच्या सोयीची असू द्या, नाहीतर त्याचेही ओझे होते. फोन हातात न धरता डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे चेहऱ्यापेक्षा हात जास्त दिसतात आणि पाहिले जात असल्याचा संकोच कमी होतो. ‘असे का केलेस?’ याऐवजी ‘आता कसे दिसते आहे?’ असे विचारा. कुटुंबाच्या ग्रुपवर सुनेच्या किंवा जावयाच्या पदार्थाच्या फोटोखाली दुरुस्ती सुचवू नका, सांगायचेच असेल तर त्यांना एकट्यांना सांगा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळावर, चढल्याशिवाय कॉल लागत नाही अशी गावे आहेत. तेथे आवाजाचे छोटे निरोप पाठवावेत. उत्तर उशिरा आले तरी बिघडत नाही.

मात्र कलमांच्या बागेच्या वाटणीवरून किंवा सातबाऱ्यावरील नावांवरून वाद पेटलेला असेल, घरात मारहाण किंवा व्यसन असेल, तर घावणे करून काही साधणार नाही. तेथे आधी त्या प्रश्नालाच हात घालावा लागतो, आणि गरज असेल तेथे वकिलाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. जेथे प्रेम आहे पण वाट सापडत नाही, अशा घरांसाठी हे लिहिले आहे.

शेवटच्या भेटीला सुमतीताईंचे यजमान सोबत आले होते. “आमचे काय काम?” असे त्यांनी जरा फुरंगटूनच विचारले. घरचा मासळीबाजार ते करतात, हे मला माहीत होते. मी त्यांना बंदरावरून मधुराला फोन लावायला सांगितले. पुण्याच्या बाजारात ती फसते, कारण ताजा बांगडा कसा ओळखायचा हे तिला कोणी दाखवलेले नाही: कल्ले लाल हवेत, डोळे चकचकीत हवेत, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला विचारले, “कॅमेरा उलटा कुठून करायचा?” मी म्हटले, “मला विचारू नका, सुनेला विचारा.”