वाचकांचे प्रश्न : घरच्या अभ्यासात प्राचीन इतिहास

प्रश्न : आमची दहा वर्षांची मुलगी यंदापासून घरीच शिकते आहे. पिरॅमिडविषयीचे एक पुस्तक हाती आल्यापासून तिला प्राचीन जगाचा ध्यास लागला आहे, म्हणून वर्षभर हाच विषय अभ्यासाच्या केंद्रस्थानी ठेवावा असे आमच्या मनात आहे. सुमेर, इजिप्त, सिंधू संस्कृती, चीन, ग्रीस आणि रोम यांना प्रत्येकी दोन महिने, असा आराखडा मी आखला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेत झाले असून इतिहासाशी संबंध शाळेतच सुटला. हा आराखडा योग्य आहे का? आणि एकाच विषयात इतके गुंतल्याने गणित-विज्ञान मागे पडणार नाही ना?

उत्तर : घरी शिकवण्यासंबंधीचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यांची चौकशी आपण केली असेल असे धरून चालतो. मुलीला मुळातच ओढ आहे आणि त्या ओढीसाठी अख्खे वर्ष द्यायला आपण तयार आहात, ही फार मोठी जमेची बाजू आहे. आराखड्याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे : तो बदलावा. दोन महिन्यांत सुमेर उरकायचे म्हटले की राजांची नावे, देवांची नावे, शोधांची यादी आणि सनावळ्या यांपलीकडे जाता येत नाही, आणि मग घरी शिकवण्याने मिळालेली सवड वायाच जाते. ही सवड कशासाठी वापरायची, तर ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ हा प्रश्न विचारण्यासाठी आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत एकाच ठिकाणी रेंगाळण्यासाठी. पाठ्यपुस्तकाला तसे रेंगाळणे परवडत नाही, आपल्याला परवडते.

मुलीचा जीव इजिप्तमध्ये अडकलेला आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. पण तीन हजार वर्षांचा सगळा इजिप्त न घेता इसवी सनपूर्व 14वे आणि 13वे शतक एवढेच घ्यावे, आणि त्या काळात इजिप्तचे ज्यांच्याशी दळणवळण होते त्या सर्वांना त्यात येऊ द्यावे. हा काळ मी मुद्दाम सुचवतो आहे, कारण त्याची अस्सल साधने विपुल आहेत, त्यांची भाषांतरे उपलब्ध आहेत आणि त्यांतली बरीचशी दहा वर्षांच्या मुलीला सहज कळण्यासारखी आहेत.

पहिले साधन म्हणून अमार्नाची पत्रे घ्यावीत. 1887 मध्ये इजिप्तमधील अमार्ना येथे मातीच्या पाट्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे साडेतीनशे पाट्या म्हणजे इजिप्तच्या दरबाराचा इतर राजांशी आणि मांडलिकांशी झालेला पत्रव्यवहार आहे, आणि तो जवळजवळ सगळा कीलाकार, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत, मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत आहे. बॅबिलोनचा राजा बुर्नाबुरियाश याने इजिप्तच्या राजाला लिहिलेल्या एका पत्रात रुसवा आहे : मी आजारी होतो, तरी माझ्या भावाने (बरोबरीचे राजे एकमेकांना भाऊ म्हणत) माझी विचारपूस केली नाही. इजिप्तचा दूत सांगतो की आमचा देश फार लांब आहे, आपल्या आजाराची बातमी तिथवर पोहोचणार कशी? राजाचा त्यावर विश्वास बसत नाही. तो स्वतःच्या दूताला विचारतो, अंतर खरेच तेवढे आहे असे कळल्यावर त्याचा राग निवळतो, आणि हे सगळे तो पत्रात लिहूनही टाकतो. हे पत्र मुलीला मोठ्याने वाचायला द्यावे आणि नंतर नकाशावर बॅबिलोन ते अमार्ना हा रस्ता तिला शोधू द्यावा. मधल्या वाळवंटाला वळसा घालून माणसे कोठून जात असतील, किती दिवस लागत असतील, वाटेत कोणाकोणाची राज्ये लागत असतील, हे प्रश्न तिचे तिलाच पडतील. याच राजाच्या दुसऱ्या एका पत्रात तक्रार आहे की इजिप्तहून आलेले वीस मिना (मिना हे वजनाचे माप) सोने भट्टीत घातल्यावर पाच मिनाही भरले नाही. आपण वाणिज्य शाखेच्या आहात, तेव्हा माल, वजन, भेसळ आणि पत या गोष्टी इतिहासाच्या पदवीधरापेक्षा आपणच तिला अधिक चांगल्या समजावून द्याल.

गणित-विज्ञानाची काळजीही येथेच मिटू लागते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन येथे 1982 मध्ये स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळाशी ताणलेल्या कातड्याच्या आकाराच्या धातूच्या लगडी दिसल्या, आणि 1984 ते 1994 या काळात तेथे पाण्याखाली उत्खनन झाले. इसवी सनपूर्व 14व्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या या जहाजात सुमारे दहा टन तांबे आणि सुमारे एक टन कथील होते. शिवाय निळ्या काचेचे गोळे, आबनुसाचे लाकूड, हस्तिदंत, राळेने भरलेले रांजण आणि इजिप्तच्या नेफेर्तिती राणीचे नाव कोरलेला सोन्याचा एक भुंगाही मिळाला. दहास एक हे कांसे घडवण्याचे प्रमाण आहे. या मालातून किती कांसे झाले असते, एका तलवारीला अमुक वजन धरले तर किती तलवारी झाल्या असत्या, हे गणित ती आनंदाने करील. तांब्यात कथील मिसळल्याने ते कठीण का होते हा विज्ञानाचा धडा झाला. तांबे सायप्रसचे होते हे धातूतील शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) ओळखले गेले, हा त्याच्या पुढचा धडा; तो आत्ताच पूर्ण समजला नाही तरी बिघडत नाही. मात्र अपूर्णांक, भागाकार यांचा रोजचा सराव वेगळा ठेवावाच. तो इतिहासाच्या ओघात आपोआप होईल या भरवशावर राहू नये.

वर्षातला सर्वांत अधिक वेळ मी कादेशच्या लढाईला देईन. इसवी सनपूर्व 1274 च्या सुमारास इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानात राज्य असलेल्या हित्तींचा राजा मुवातल्ली यांची सैन्ये सीरियातील कादेशपाशी भिडली. रामसेसने या लढाईची हकिकत कर्नाक, लक्सर, अबू सिंबेल अशा अनेक मंदिरांच्या भिंतींवर कोरवून घेतली. सैन्याने साथ सोडली, राजा रथात एकटा उरला, त्याने आमोन देवाचा धावा केला आणि एकट्याने शत्रूची दाणादाण उडवली, असे ती हकिकत सांगते. पहिल्या आठवड्यात मुलीला एवढेच वाचू द्यावे आणि लढाई कोणी जिंकली हे तिच्या वहीत तिला लिहू द्यावे. त्यानंतर तिच्यापुढे एकच गोष्ट ठेवावी : लढाईनंतर कादेश हित्तींच्याच ताब्यात राहिले. पुढे इसवी सनपूर्व 1259 च्या सुमारास रामसेस आणि हित्ती राजा हत्तुसिली यांनी तह केला. परस्परांवर चढाई करायची नाही, तिसऱ्याने हल्ला केला तर मदतीला जायचे आणि पळून आलेली माणसे परत करायची, अशी त्याची कलमे होती. या तहाची इजिप्शियन प्रत कर्नाकच्या भिंतीवर आहे, आणि हित्ती राजे शांतता मागायला दूत पाठवतात असे तीत लिहिले आहे. हित्तींकडची अक्कादी भाषेतील प्रत 1906 मध्ये त्यांच्या हत्तुशा या राजधानीच्या उत्खननात मातीच्या पाट्यांवर सापडली. एकाच कराराच्या दोन बाजूंच्या दोन प्रती तीन हजारांहून अधिक वर्षांनी हाती याव्यात, हे भाग्य इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचित लाभते. आता मुलीला तिचे पहिले उत्तर पुन्हा वाचायला सांगावे आणि ते खोडायला न लावता त्याखाली नवे उत्तर लिहू द्यावे.

राजांच्या बरोबरीने साधी माणसेही तिला भेटली पाहिजेत. राजांच्या कबरी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर डेर अल-मदिना या वस्तीत राहत. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा त्यांच्या गैरहजेरीचा हिशेब चुनखडीच्या एका कपच्यावर लिहिलेला असून तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे : काळ्या शाईत दिवस आणि त्यावर लाल शाईत कारण. कोणी आजारी आहे, कोणाचे डोळे आले आहेत, एकाला विंचू चावला आहे, कोणी आईच्या अंत्यविधीत आहे. म्युझियमच्या संकेतस्थळावर या कपच्याचे छायाचित्र पाहता येते, त्यावरचे दोन रंग तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावेत.

उरलेल्या पाच संस्कृतींचे काय, असे आपण विचाराल. त्या पुढच्या वर्षांत येतील, आणि पुरावा कसा वाचायचा हे एकदा अंगवळणी पडले की त्या तुलनेने लवकर होतील.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला इसवी सनपूर्व हा प्रकारच उमगत नाही, 1500 हे 500 च्या आधीचे कसे, यावर तो अडतो. त्यातच दोन पुस्तकांत एकाच घटनेची दोन वेगवेगळी वर्षे दिलेली असतात. कोणते खरे मानावे?

उत्तर : पहिली अडचण तोंडी समजावून सुटत नाही, हाताने काम करून सुटते. कागदाची लांब पट्टी भिंतीवर लावावी आणि दहा वर्षांना एक सेंटिमीटर हे प्रमाण धरावे. लेखनकलेच्या आरंभापासून आजपर्यंतची पट्टी साधारण सव्वापाच मीटर होते. इसवी सनाची सीमारेषा लाल रंगाने काढावी आणि तेथे शून्य हे वर्ष नाही, इसवी सनपूर्व 1 नंतर थेट इसवी सन 1 येते, हे सांगून ठेवावे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इजिप्तला गेला तो इसवी सनपूर्व 5व्या शतकात, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्याही आधी दोन हजार वर्षांपूर्वीचा. पट्टीवर ही दोन मीटरची जागा मुलाने बोटाने मोजली की 2500 हे 450 च्या आधी येते, हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण मला अडचण वाटतच नाही. ती शिकवण्याची उत्तम संधी आहे. वर्षे येतात कोठून, हे मुलाला दाखवावे. असिरियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधील प्राचीन राज्याच्या, लोकांनी प्रत्येक वर्षाला एकेका अधिकाऱ्याचे नाव दिलेल्या याद्या ठेवल्या. त्यांतल्या एका वर्षी सूर्यग्रहणाची नोंद आहे, ते ग्रहण इसवी सनपूर्व 763 च्या 15 जूनचे असे खगोलगणिताने ठरले, आणि त्या एका खुंटीवर यादीतली बाकीची वर्षे टांगता आली. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मग आणि अलिकसुंदर या पाच यवन राजांची नावे आहेत. त्यांचे काळ ग्रीक साधनांवरून ठाऊक असल्याने, पाचही जण एकाच वेळी गादीवर असतील असा काळ शोधत गेले की अशोकाचे इसवी सनपूर्व 3ऱ्या शतकाच्या मध्यातले स्थान पक्के होते. अशी खुंटी जिथे नाही तिथे अभ्यासक ‘सुमारे’ लिहितात, आणि तो शब्द मुलाने वहीत कधीही गाळू नये.

कधीकधी पक्के वाटणारे वर्ष, महिना, तारीखही हलते. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई हे रोमन शहर गाडले गेले त्याची तारीख रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून 24 ऑगस्ट मानली जाई; 2018 मध्ये तेथील एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबरची नोंद मिळाली आणि अनेक अभ्यासकांचा कल शरद ऋतूकडे झुकला. त्यामुळे दोन पुस्तके वेगळे सांगू लागली की ती कोणत्या वर्षी छापली गेली हे मुलाला आधी पाहायला सांगावे.

प्रश्न : पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले असे व्हिडिओ पाहून बारा वर्षांचा मुलगा माझ्याशी वाद घालतो. मी नुसते ‘ते खोटे आहे’ म्हणते आणि तेथेच बोलणे खुंटते. काय करावे?

उत्तर : त्याला हसू नये. एवढे दगड माणसांनी कसे वाहिले असतील, हे त्याचे आश्चर्य रास्त आहे. आधी ते वाढवावे : मोठ्या पिरॅमिडमध्ये अंदाजे 23 लाख दगड आहेत आणि बांधकामाला हेरोडोटसने सांगितलेली 20 वर्षे धरली, तर रोज दहा तास काम चालले असता सरासरी दर दोन मिनिटांना एक दगड बसवावा लागतो. हा हिशेब त्यालाच करू द्यावा.

मग त्याच्यापुढे मेरेरची रोजनिशी ठेवावी. 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे, मोठा पिरॅमिड ज्याच्यासाठी बांधला गेला त्या खुफू राजाच्या काळातले पपायरस (एका पाणवनस्पतीपासून केलेले लिहिण्याचे कागद) सापडले. आजवर मिळालेल्या लिखित पपायरसांमध्ये ते सर्वांत जुने आहेत. मेरेर हा एका तुकडीचा मुकादम. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे, नाईल आणि कालव्यांतून गिझाला पोहोचवायचे आणि रिकामी नाव घेऊन परतायचे, हे त्याचे काम होते. दहा दिवसांत दोन-तीन खेपा होत आणि रात्री मुक्काम कोठे केला हेही त्याने नोंदवले आहे. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचे नाव त्या कामावर देखरेख करणारा म्हणून येते. गिझाला पिरॅमिडच्या दक्षिणेस कामगारांची वस्ती, त्यांच्या रोट्या भाजण्याच्या जागा आणि त्यांच्या कबरीही उत्खननात मिळाल्या आहेत. कबरींतल्या सांगाड्यांवर मोडून पुन्हा जुळलेली हाडे दिसतात, म्हणजे जखमी कामगारांवर उपचार होत असत.

एवढे वाचून झाल्यावर व्हिडिओ पुन्हा लावावा आणि त्यातल्या प्रत्येक विधानासमोर कोणता पुरावा दिला आहे, हे मुलाला कागदावर टिपायला सांगावे. आपण मध्ये बोलू नये.

प्रश्न : परीक्षा घ्यायची नसेल, तर मुलाला किती समजले हे कसे ओळखावे?

उत्तर : महिन्यातून एकदा त्याला एका वस्तूची संग्रहालयात लावतात तशी ओळखपट्टी लिहायला सांगावी : ही वस्तू काय आहे, तिच्यावरून आपल्याला नक्की काय कळते, आणि तिच्यावरून काय सांगता येत नाही. पहिली दोन उत्तरे मुले पटकन लिहितात. तिसरे उत्तर महिन्यागणिक नेमके होत गेले, तर अभ्यास नीट चालला आहे असे समजावे. ते सतत कोरे राहू लागले, तर नवे काही न घेता आधीच्याच साधनांकडे पुन्हा वळावे.