मॅग, डेस्टिनी वगैरे कन्सोलवरच्या ऑनलाइन शूटरना एमएमओ म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न असा की सोनीच्या पीएस३ कन्सोलवरच्या मॅग या शूटरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या गेममध्ये, २५६ जण एकत्र खेळायचे म्हणून तुमचा मित्र त्याला एमएमओ (मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन, म्हणजे खूप लोक एकाच ऑनलाइन जगात खेळतात असा गेम) म्हणतो, आणि तुमचं म्हणणं की लेव्हल, लूट (मारलेल्या शत्रूकडून मिळणारा माल), क्लॅन (खेळाडूंची कायमची टोळी) हे असेल तरच एमएमओ, म्हणून तुमच्या मते मॅग नाही पण डेस्टिनी आहे. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, मॅग नाही, डेस्टिनी अर्धवट, आणि तुम्ही दोघांनी ज्याचं नावच काढलं नाही तो प्लॅनेटसाइड २ मात्र शंभर टक्के आहे. आणि मॅगबद्दल तुमचं उत्तर बरोबर असलं तरी कारण मला पटलेलं नाही, ते का ते खाली लिहितो.

आधी मित्राचं बघू. माणसं मोजून ठरवायचं तर बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये एका विमानातून १०० जण उड्या मारतात, त्याला गल्लीतलं शेंबडं पोरगंही एमएमओ म्हणत नाही. आकड्याचं वेड लागण्यामागे कारण होतं हे मान्य. मॅग आला जानेवारी २०१० मध्ये. त्याच्या दोनच महिने आधी आलेल्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये कन्सोलवर जास्तीत जास्त १८ जण, बॅड कंपनी २ मध्ये २४, आणि सोनीचाच रेझिस्टन्स २ साठपर्यंत गेला तेव्हा लोक तोंडात बोट घालत होते. अशात झिपर इंटरॅक्टिव्हने एकदम २५६ केले, गिनीजमध्ये नोंद झाली, आणि गेमच्या नावातच मॅसिव्ह होतं (मॅग म्हणजे मॅसिव्ह अ‍ॅक्शन गेम), त्यामुळे तुमच्या मित्रासारखं वाटणारे तेव्हा ढिगाने होते.

पण ज्यांनी तो खेळलाय त्यांना माहिती आहे की २५६ चा अनुभव प्रत्यक्षात कसा यायचा. आठ जणांचा एक स्क्वॉड, चार स्क्वॉडची एक प्लाटून म्हणजे ३२, चार प्लाटूनची एक कंपनी म्हणजे १२८, आणि समोर तेवढेच. डॉमिनेशन मोडमध्ये प्रत्येक प्लाटूनला नकाशाचा आपापला तुकडा मिळायचा आणि मॅचचा बराचसा वेळ तुम्ही तुमच्या तुकड्यातच समोरच्या ३२ जणांशी झुंजत राहायचा, बाजूच्या तीन प्लाटून म्हणजे लांबून येणारे स्फोटांचे आवाज आणि नकाशावरचे ठिपके. शेवटी शेवटी सगळे आत घुसले की खरी झुंबड उडायची आणि ती मजा काही औरच होती, खोटं नाही बोलणार. आणि एक गोष्ट त्यांनी झकास केली होती, हुकमाची साखळी. स्क्वॉड लीडर, त्याच्या वर प्लाटून लीडर, सगळ्यात वर ऑफिसर इन चार्ज, सगळी खरी माणसं, प्रत्येकाकडे आपापल्या ताकदी. चांगला प्लाटून लीडर मिळाला की ३२ अनोळखी माणसं एका दमात पुढे सरकायची, आणि नग मिळाला तर अर्धे जण स्नायपर घेऊन टेकडीवर झोपलेले. आणि त्या काळात हे सगळं आमच्या ५१२ केबीपीएसच्या लाईनवर, घरात दुसऱ्या कोणी यूट्यूब लावलं की आपण गेलोच.

मग साधारण अर्ध्या तासाने मॅच संपली, स्कोअरबोर्ड आला, सगळे परत लॉबीत, म्हणजे मॅचची वाट बघायच्या खोलीत. माझा आक्षेप इथेच आहे.

मॅगवाले यावर लगेच शॅडो वॉर काढतात. म्हणजे रेव्हन, व्हॅलर आणि एसव्हीईआर अशा तीन खाजगी लष्करी कंपन्या, अकाउंटला एकच कॅरेक्टर, एकदा कंपनी निवडली की लेव्हल ६० होऊन व्हेटरन होईपर्यंत बदलायची सोय नाही, आणि जी कंपनी जास्त मॅचेस जिंकेल तिला कॉन्ट्रॅक्टचा बोनस. ऐकायला भारी वाटतं. पण बघा, एसव्हीईआरचा तळ हा कायम एसव्हीईआरचाच. काल रात्री तुम्ही तो दहा वेळा जमीनदोस्त केलात तरी आज संध्याकाळी ते तिथेच, तसेच, नवा रंग मारून उभे. हरल्याने कोणाची इंचभर जागा जात नव्हती आणि जिंकल्याने मिळत नव्हती, बदलायचे ते फक्त आकडे. लॉबीच्या भिंतीवर लावलेला गुणतक्ता म्हणजे काही जग नव्हे.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा. गेममधल्या जागेची अशी नोंद आहे का जी तुम्ही कन्सोल बंद करून झोपलात तरी चालू राहते, आणि तुम्ही झोपेत असताना दुसरं कोणी तिच्यात फेरफार करू शकतं का? असेल तर एमएमओ, मग त्यात तलवारी असोत की बंदुका. मॅगमध्ये माणसं भरपूर होती पण सातबाराच नव्हता.

आता तुमचा मुद्दा. लेव्हल आणि अनलॉक तर २००७ पासून कॉल ऑफ ड्यूटीतही आहेत, प्रेस्टीज करून परत पहिल्यापासून चढायची हौसही आहे, क्लॅन टॅग पण आहे. त्याने काय होतं? ही सगळी सवय आपल्याला एव्हरक्वेस्ट आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या तलवारी-जादूच्या एमएमओंनी लावली, की एमएमओ म्हटलं की पर्पल (म्हणजे दुर्मिळ) लूट आणि रेड (टोळीने मिळून करायची अवघड चढाई) आलीच पाहिजे. त्या जातीच्या गेमचा तो स्वभाव आहे, अट नाही. उलट २००३ चा पहिला प्लॅनेटसाइड बघा, त्यात मारलेल्या राक्षसातून चिलखत पडायची भानगडच नव्हती, सगळा खेळ जमिनीचा, आणि तो एमएमओ आहे की नाही यावर मी तरी कुणाला भांडताना बघितलं नाही.

त्याचा पुढचा भाग पीसीवर नोव्हेंबर २०१२ ला आला आणि जून २०१५ ला पीएस४ वर, म्हणजे तुमच्या प्रश्नात बसणारा खराखुरा कन्सोल शूटर. तीन पक्ष, एकेक खंड ८ बाय ८ किलोमीटरचा, आणि तळ एकमेकांना रेषांनी जोडलेले, म्हणजे शेजारचा तळ तुमच्याकडे असल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. इंदार खंडावर मधोमध टेकडीवर द क्राउन नावाचा तळ होता, त्याच्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या तासन्‌तास चालायच्या. तुम्ही संध्याकाळी तिथे लढता लढता जेवायला उठलात आणि परत आलात तर लढाई तिथेच चालू, फक्त अर्धी माणसं बदललेली, किंवा तोपर्यंत टेकडी हातची गेलेली आणि आपले लोक खाली रस्त्यावर टँक लावून बसलेले. इथे मॅच सुरू झाली असं कोणी सांगत नाही, तुम्ही आधीपासून चाललेल्या भांडणात जाऊन पडता. २०१५ च्या जानेवारीत पीसीवर एकाच लढाईत १,१५८ खेळाडू उतरल्याचा गिनीज रेकॉर्ड झाला, म्हणजे तुमच्या मित्राला आकडाच पाहिजे असेल तर तोही इथेच आहे.

मधल्या काळात अजून एक प्रकरण झालं ज्याच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते, डस्ट ५१४. फक्त पीएस३ वर, मे २०१३. सीसीपीने, म्हणजे ईव्ह ऑनलाइन या पीसीवरच्या अंतराळातल्या गेमवाल्यांनी तो आपल्या चालू असलेल्या एमएमओच्या त्याच सर्व्हरला जोडला होता. मॅच छोट्या, सुरुवातीला १६ विरुद्ध १६, त्यामुळे तुमच्या मित्राच्या हिशोबाने तर हा मॅगपुढे चिल्लर. पण ग्रहावरचे जिल्हे कॉर्पोरेशनच्या, म्हणजे खेळाडूंच्या संघटनांच्या, नावावर असायचे आणि त्यावर हल्ले व्हायचे, आणि खाली सोफ्यावर बसून कंट्रोलरवर लढणाऱ्या स्क्वॉड लीडरने मागणी केली की वर कक्षेत पीसीवर बसलेला दुसराच कोणीतरी माणूस आपल्या जहाजातून त्या ठिकाणावर तोफ डागायचा. दोन वेगळे गेम, दोन वेगळी मशीन्स, एकच आकाश! माझ्या मते कन्सोलवर यापेक्षा धाडसी कल्पना कोणी राबवलेली नाही. बंदूक चालवताना मात्र तो अगदीच सुमार वाटायचा, म्हणून लोक टिकले नाहीत आणि मे २०१६ ला बंद पडला. माणसं कमी पण एमएमओ जास्त, असं उदाहरण द्यायचं झालं तर हेच द्या.

आता डेस्टिनी, आणि इथे खरंच डोकं खाजवावं लागतं. सप्टेंबर २०१४ ला पहिला आला तेव्हा तो बनवणारी कंपनी बंजी स्वतः त्याला शेअर्ड वर्ल्ड शूटर म्हणायची, एमएमओ म्हणायचं टाळायची. माझा अंदाज असा की एमएमओ म्हटलं की कन्सोलवाल्याला महिन्याची फी आणि कीबोर्ड आठवायचा म्हणून. (तसं बघितलं तर फायनल फँटसी ११ पीएस२ वर २००२ लाच आला होता, कन्सोलला एमएमओ झेपत नाही हे कधीच खरं नव्हतं.) मग २०१९ मध्ये त्यांचेच लोक डेस्टिनी २ ला अ‍ॅक्शन एमएमओ म्हणायला लागले. कंपनीच पाच वर्षांत शब्द बदलते तर तुम्ही दोघं भांडताय यात नवल नाही.

आतून ते कसं चालतं ते बघितलं तर उलगडा होतो. कॉस्मोड्रोम या भागात स्पॅरो नावाच्या उडत्या गाडीवर बसून एका मैदानातून दुसऱ्यात जाताना मध्ये नेहमी एखादा अरुंद बोळ, बोगदा, वाकडी वाट लागते, आठवतंय? ती उगाच नाहीये. प्रत्येक मैदान म्हणजे वेगळा बुडबुडा, आणि तुम्ही त्या बोळात असताना गेम गुपचूप शोधतो की पुढच्या मैदानाच्या कोणत्या कॉपीत तुम्हाला टाकायचं, लोडिंगचा पडदा न दाखवता. म्हणून समोर अचानक चार अनोळखी गार्डियन, म्हणजे दुसरे खेळाडू, वॉकर नावाच्या यंत्रावर गोळ्या झाडताना दिसतात आणि वाटतं काय जिवंत जग आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी त्याच मैदानाच्या असंख्य कॉप्या चालू असतात आणि तुमच्या कॉपीत मोजकीच टाळकी. पहिल्या डेस्टिनीत तर मिशनची स्थिती बंजीच्या सर्व्हरवर पण धक्के-गोळ्या-हालचालींचा हिशोब खेळाडूंपैकीच कोणाच्यातरी कन्सोलवर चालायचा, दुसऱ्या भागात तो त्यांनी डेटा सेंटरमध्ये नेला. स्ट्राइक ही छोटी मोहीम तिघांची, रेड सहा जणांची, टॉवर या सगळ्यांच्या भेटायच्या जागेत दुसऱ्या भागात २६ जण. आणि तिथल्या एकाही दगडावर कोणाचा हक्क नाही. टिकतं काय, तर तुम्ही जमवलेल्या बंदुका-चिलखतांचं तुमचं कपाट.

यावर तुम्ही म्हणाल की वॉरक्राफ्टमध्ये पण डन्जन (राक्षसांनी भरलेली गुहा) पाच जणांचं वेगळंच उघडतं आणि आता तर तिथेही एकाच भागाच्या अनेक कॉप्या करतात. बरोबर. गिल्ड वॉर्स (२००५) तर याहून पुढे, गावात सगळे एकत्र आणि वेशीबाहेर पडलं की फक्त तुमची टोळी, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की आम्ही एमएमओ नाही, आमचा वेगळा प्रकार. पण वॉरक्राफ्टमध्ये निदान लिलावघर आहे, तुम्ही उपटलेली जडीबुटी दुसरा विकत घेतो, भाव चढतात पडतात, म्हणजे जमिनीची नसली तरी बाजाराची नोंद चालू राहते. डेस्टिनीत मी माझी जास्तीची बंदूक सख्ख्या मित्राला देऊ शकत नाही. एवढं मोठं जग म्हणता आणि बंदूक देता येत नाही, हे मला कधीच पटलं नाही.

तरी अर्धे मार्क का देतो? कारण अधूनमधून ते जग सगळ्यांसाठी एकदमच हलतं. जून २०२० मध्ये ऑलमायटी नावाचं जहाज कोसळणार होतं तेव्हा लोक टॉवरमध्ये दीड-एक तास नुसते आकाशाकडे बघत उभे, मध्येच नाचत, आणि ते खरंच पडलं, आणि परत कधी तसं दिसणार नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत कॉरिडॉर्स ऑफ टाइमचं कोडं आलं, प्रत्येकाला चक्रव्यूहातून एकेक तुकडा मिळायचा आणि हजारो जणांनी आपापले तुकडे जमवून भला मोठा नकाशा जोडला, रात्र रात्र जागून, आणि शेवटी मिळालं काय तर बॅस्टियन नावाची बंदूक, जी पुढे मिळणारच होती. लोकांनी जाम शिव्या घातल्या. पण हजारो अनोळखी माणसं एकाच कोड्यावर रात्री जाळतायत, ही एमएमओचीच लक्षणं आहेत, फक्त ते घडलं गेमच्या बाहेर, स्प्रेडशीटमध्ये.

आणि मग नोव्हेंबर २०२० ला बंजीने आयओ, टायटन, मर्क्युरी, मार्स हे सगळे ग्रह-उपग्रह गेममधून काढूनच टाकले, रेड वॉरची मोहीमही गेली, लोकांनी पैसे देऊन घेतलेली. काही पुढे परत आणलं, पण सांगायचा मुद्दा असा की इथे जगाचा नकाशा बदलायचा अधिकार एकट्या मालकाचा आहे, खेळणाऱ्या लाखो जणांचा मिळूनही नाही. प्लॅनेटसाइडमध्ये तो रोज रात्री कोणीही अठ्ठेचाळीस जण एकत्र येऊन वापरतात.

मॅगचे सर्व्हर जानेवारी २०१४ लाच बंद झाले, त्यामुळे तो स्वतः खेळून बघा असं सांगायची सोय राहिलेली नाही. प्लॅनेटसाइड २ फ्री टू प्ले आहे, पीएस४ असेल तर मित्राला घेऊन तोच लावा. सर्व्हर अमेरिका आणि युरोपचे असल्याने आपल्याकडून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चढा येतो, त्यामुळे समोरासमोरच्या चकमकीत मार खायची तयारी ठेवा, सुरुवातीला एकाने मेडिक आणि एकाने इंजिनिअर घ्या, टँकच्या मागे राहून रिपेअर करत बसा, पॉइंट्सही बरे मिळतात. आणि आउटफिटमध्ये, म्हणजे तिथल्या क्लॅनमध्ये, शिरायचं राहू देऊ नका, एकट्याने फिरलात तर पहिला तासभर नुसतं कोण कुठून मारतंय हेच कळणार नाही.