स्मृतिशिष्यवृत्ती मिळाली, मग फी का कमी झाली नाही?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट ओलाफ कॉलेजला अर्ज करतेय. कॉलेज ल्युथरन या ख्रिस्ती पंथाचं, आम्ही हिंदू. शिष्यवृत्तीत अडचण येईल का? (पालक, पुणे)

नाही. सेंट ओलाफ 1874 साली नॉर्वेहून आलेल्या ल्युथरन मंडळींनी काढलं. आज तिथे कुठल्याही धर्माची मुलं शिकतात. एखाद्या दात्याने चर्चच्या सभासदांसाठी वेगळी अट घातली असेल, तर ती शिष्यवृत्तीच्या माहितीतच दिसेल.

प्रश्न : मुलाला 30,000 डॉलरची मदत मंजूर होती. आता कुणाच्या तरी स्मृत्यर्थ 4,500 डॉलर मिळाल्याचं पत्र आलं. आम्ही पेढे वाटले. पण बिल जैसे थे! (पालक, नाशिक)

पेढे वाया गेले नाहीत, हिशोब समजून घ्या. समजा, कुणी आईच्या नावाने एक लाख डॉलर दिले. कॉलेज मुद्दलाला हात लावत नाही. ते गुंतवून दरवर्षी साधारण 4 ते 5 टक्के काढतं. साडेचार टक्क्यांनी 4,500 झाले. पुष्कळदा हे पैसे आधीच्या मदतीवर भर म्हणून येत नाहीत, तिच्यातच मुरतात. म्हणजे तुमच्या 30,000 पैकी 4,500 दात्याच्या निधीतून, उरलेले 25,500 कॉलेजकडून. यात गैर काही नाही. वाचलेले पैसे दुसऱ्या मुलाकडे वळवता येतात. पण पत्रात तशी एक ओळ टाकायला काय जातं, हे मला कधीच कळलेलं नाही. आर्थिक मदत विभागाला ईमेलवर सरळ विचारा : ही रक्कम वरची की आतली?

प्रश्न : दात्याच्या कुटुंबाला आभारपत्र लिहायला सांगितलंय. काय लिहू? (विद्यार्थिनी)

‘आपल्या औदार्याने मी भारावून गेले’ हे सोडून काहीही. ते नाव त्यांच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं आहे. त्या नावावर कोण शिकतंय, हे त्यांना बघायचं असतं. काय शिकतेस ते लिही. घरून आणलेल्या भाजणीचं थालीपीठ लावताना हॉस्टेलमधला धुराचा भोंगा वाजला असेल, तर तेही लिही. एक पान पुरे.

प्रश्न : शिष्यवृत्तीवर कर लागतो?

शिकवणी फी आणि सक्तीच्या पुस्तकांपुरत्या रकमेवर नाही. राहण्याजेवणासाठीच्या भागावर लागतो. अमेरिकेच्या एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांचे त्यातून सहसा 14 टक्के आधीच कापतात.

प्रश्न : वडिलांच्या नावाने माझ्या जुन्या कॉलेजात शिष्यवृत्ती ठेवायची आहे. पहिली भाच्याला मिळावी. (वाचक, न्यू जर्सी)

भाच्याला द्यायचे तर थेट द्या. अमुकच मुलाला म्हणून दिलेल्या पैशावर करवजावट मिळत नाही आणि निवड कॉलेजच्या हातात असते. अटीही फार आवळू नका. ‘फक्त मराठी मुलांना’ लिहिलंत, तर कित्येक वर्षं घेणारा मिळणार नाही आणि पैसे पडून राहतील. करारात ‘गरजू विद्यार्थी’ एवढंच ठेवा. सही करण्याआधी किमान मुद्दल किती लागतं, हेही कॉलेजला विचारून घ्या.