मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम खरंच जुन्या मेटालिकासारखा वाटतो का?

हो, बराचसा वाटतो.

२००३च्या ‘सेंट अँगर’ या आधीच्या अल्बममध्ये गिटार सोलो (गाण्याच्या मध्येच गिटार एकटीच पुढे येते ते तुकडे) जवळपास नव्हतेच, आणि स्नेअर ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजायचा. त्यानंतर बँडने बॉब रॉकऐवजी रिक रुबिनला निर्माता म्हणून घेतलं. १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बमच्या वेळी तुम्ही जसा विचार करत होतात तसा करा, असा त्याचा आग्रह होता. सप्टेंबर २००८मध्ये आलेल्या या अल्बममध्ये ते लगेच कळतं: सात-आठ मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारी लय, आणि गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो परत.

चौथं गाणं हेडफोन लावून ऐका, ‘द डे दॅट नेव्हर कम्स’. ऐंशीच्या दशकातल्या सलग तीन अल्बममध्ये हळुवार सुरू होऊन शेवटी पेटणारं गाणं चौथ्याच क्रमांकावर होतं, इथेही तसंच आहे. सुरुवातीला एकट्या गिटारचे स्वच्छ सूर, आणि उत्तरार्धात दोन गिटारी एकमेकींना बिलगून अशा धावतात की मला अजूनही काटा येतो.

खटकतं ते मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटी फिरवलेला हात. आवाज इतका चढवलाय की ड्रमचे ठोके फाटतात. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली हीच गाणी त्या मानाने मोकळी वाजतात, आणि त्यावरून चाहत्यांनी तेव्हा नव्या मिक्ससाठी ऑनलाइन याचिकाही केली होती. इतक्या मेहनतीने परत आणलेला आवाज असा चेपला गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरीही पहिल्यांदा ऐकणार असाल तर अख्खा अल्बम क्रमाने ऐका.