ड्रोन तेरवा, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या वर्षी, घेतला तर चालेल का?

निपाणीहून लग्नांचे फोटो-व्हिडिओ काढणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. घरच्या माळ्याखाली त्यांनी सर्व्हर बसवलाय. त्यात ४ टीबीच्या आठ हार्ड डिस्क आहेत, २०१८ मध्ये घेतलेल्या. आता दोन डिस्कवर रीअलोकेटेड सेक्टरचे, म्हणजे खराब झाल्यानं डिस्कनं बाद केलेल्या जागांचे, आकडे दर आठवड्याला वाढताहेत. दुकानदाराने नवं कोटेशन दिलंय: चार डिस्क मावतील असा तयार बॉक्स ५२,०००, १६ टीबीच्या चार डिस्क प्रत्येकी ३७,०००, यूपीएस ९,५००. एकूण २,०९,५०० रुपये. तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आत, हे सगळं बसवायचं आहे. पैशासाठी सौहार्द सोसायटीतली (ही कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) तीन लाखांची ठेव मोडावी की क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ ईएमआय घ्यावा, असा त्यांचा प्रश्न. पिग्मीचे, म्हणजे रोज थोडे थोडे भरलेल्या ठेवीचे, पैसे या महिन्याअखेर सुटतात, पण ते ड्रोनसाठी ठेवलेत.

दादा, ठेव मोडू नका आणि ईएमआयही नको. पण त्याहून आधीचं एक काम आहे. ते आज रात्रीच करा, हिशेब उद्या वाचलात तरी चालेल.

तुमच्या आठ डिस्क एका डिस्कची जोखीम सोसणाऱ्या रचनेत आहेत, तिला रेड म्हणतात. एक गेली तर नवी घालून ती भरून काढता येते. त्या भरणीच्या वेळी उरलेल्या सातही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १२० एमबी या वेगानं ४ टीबी वाचायला नऊ तासांच्या वर लागतात, मध्ये एडिटिंग चालू असेल तर दिवस जातो. तुमच्या सातांतली एक आधीच आजारी आहे. भरणीच्या मधोमध तिनं मान टाकली तर पुढचं सांगायला नको. म्हणून कोणतीही डिस्क बदलायच्या आत, जे परत मिळणारच नाही ते बाहेर काढून घ्या.

ते किती आहे, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय आणि बहुधा तुमच्या लक्षात आलेलं नाही. २१ टीबी भरलंय म्हणता. त्यातले १३ टीबी म्हणजे अल्बम आणि व्हिडिओ देऊन झालेल्या लग्नांचं कच्चं चित्रण. ४ टीबी अजून द्यायचं काम. ३ टीबी सिनेमे, जुनी सॉफ्टवेअरं आणि ‘कॉपीची कॉपी’. उरलं जेमतेम १ टीबी: घरचे फोटो, वडिलांनी टेप केलेली भजनी मंडळाची कॅसेट आणि १९८१ च्या तंबाखू आंदोलनात त्यांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह, ज्या तुम्ही स्कॅन केल्यात. मूळ निगेटिव्हना बुरशी लागलीय असंही तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्या आंदोलनाचे तुमच्या घरातले फोटो आज फक्त त्या आजारी पेटीत आहेत.

दोन-दोन टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या, १३,००० रुपये. दोन्हींवर हा १ टीबी उतरवा. एक कपाटात राहू दे, दुसरी गडहिंग्लजच्या बहिणीकडे पाठवा. (डिस्कला सीमावाद लागत नाही.) एकाच घरात दोन कॉपी कशाला चालत नाहीत, ते निपाणीकराला मी काय सांगावं! २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. पाणी, आग, चोरी, वळवाच्या पावसातली वीज, यातलं काहीही पेटीतल्या डिस्क मोजून घेऊन येत नाही. आणि चुकून डिलीट केलेली फाईल तर आरशातूनही, म्हणजे तोच डेटा ठेवणाऱ्या जोडीच्या डिस्कवरूनही, त्याच क्षणी जाते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्या दुकानदारानं कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

हे तेरा हजार सेव्हिंग खात्यातून काढा, पिग्मी सुटली की परत भरा. खात्यातले बाकीचे पैसे चातुर्मासातल्या घरखर्चाचे आहेत, त्यांना हात नको.

आता दोन लाखांकडे येऊ.

तुमचा धंदा वर्षाचा नाही, सात-आठ महिन्यांचा आहे. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत वर्षाला अठ्ठावीस लग्नं होतात असं तुम्ही लिहिलंय. आषाढी एकादशी झाली की चार महिने साखरपुडे, बारशी आणि पासपोर्ट फोटो. २,०९,५०० चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला १७,४५८. आता सुरू केले तर त्यातले तीन-चार हप्ते नेमके पुढच्या चातुर्मासात येतील, साधारण सत्तर हजार, आणि तेव्हा गिऱ्हाईक नसेल. ‘नो कॉस्ट’ हेही पूर्ण खरं नाही. व्याज बँक लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो. वर प्रोसेसिंग फी. रोख घेतलंत तर किती कमी कराल, हे एकदा विचारून बघा. ईएमआयचा खरा खर्च त्या उत्तरात कळतो.

ठेवीबद्दल. ती मार्चमध्ये पिकते, साडेआठ टक्क्यांनी, आणि जूनमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आहे. पैशाला नाव पडलंय. आज मोडली तर व्याजदर कापला जाईल आणि जूनमध्ये तेच पैसे महाग व्याजानं उभे करावे लागतील. फार नड पडली तर ठेवीवर कर्ज मिळतं, बहुतेक ठिकाणी ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीनं, ते मोडण्यापेक्षा बरं. पण मला वाटतं तीही वेळ येणार नाही.

थोडं विषयांतर करतो. डिस्क एकावर अवलंबून नको म्हणून तुम्ही आठ घेतल्या, आणि मुलीची सगळी फी एकाच सोसायटीत! बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, माणशी पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख झाली. सौहार्द सोसायटी म्हणजे बँक नव्हे, तिथल्या ठेवीला तो विमा नाही. तुमची सोसायटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मार्चमध्ये ठेव पिकली की पुन्हा तिथेच रिन्यू न करता फीचे पैसे बँकेत न्या, तीन महिन्यांसाठी व्याज थोडं कमी मिळालं तरी.

मग सर्व्हरचं काय? माझ्या हिशेबानं हार्ड डिस्क ही मालमत्ता नाही, गाडीचा टायर आहे. घासणार हे ठरलेलं, फक्त कधी ते ठाऊक नाही. बॅकब्लेझ नावाची कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते, त्यात वर्षाला शंभरात साधारण एक ते दोन डिस्क जातात. तिथे एसी असतो, धूळ नसते. तेवढंच प्रमाण धरलं तरी आठ डिस्क ठेवणाऱ्या नऊ घरांपैकी एकात दर वर्षी एखादी जाणार. डिस्क जितक्या जास्त, तितके टायर जास्त. म्हणून मला चार १६ टीबीच्या डिस्क पटत नाहीत, आणि नवा बॉक्स तर मुळीच नाही. तुमची पेटी, बोर्ड, पॉवर सप्लाय चांगले चालताहेत असं तुम्हीच लिहिलंय. दुकानदाराला बॉक्स विकायचा आहे, एवढंच.

खरा निर्णय हा आहे की तुम्ही काय ठेवणार नाही. १०० मेगाबिटवर काढलेलं फोर-के चित्रण तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे, साडेचार तास, झाले ४०० जीबी. अठ्ठावीस लग्नांचे वर्षाला ११ टीबी. हे जन्मभर सांभाळायचं तर तुम्हाला दर दोन वर्षांनी असं कोटेशन येत राहील, आणि त्यासाठी एकाही नवरदेवानं तुम्हाला पैसे दिलेले नाहीत. बुकिंगच्या कागदावर एक ओळ वाढवा: व्हिडिओ ताब्यात दिल्यापासून सहा महिने कच्चं चित्रण ठेवू, पुढे हवं असल्यास डिस्क आणून द्यावी, कॉपी करून देऊ. जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर कळवा. तयार व्हिडिओ आणि निवडलेले फोटो मात्र ठेवा. त्यांना जागा फार लागत नाही, आणि पाच वर्षांनी अल्बम भिजला म्हणून कुणीतरी येतंच.

असं केलंत तर ऐन सीझनमध्ये तुमच्याकडे १३ टीबीच्या आसपास राहील. त्याला १६ टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींचा आरसा म्हणून लावलेल्या, पुरतात. संगणक ती जागा साडेचौदा दाखवेल, फसवणूक नाही, मोजायच्या पद्धतीतला फरक आहे. खर्च ७४,०००. यूपीएस ९,५०० चा घ्याच, त्यावर वाद नको; आपल्याकडे वैशाखात हेस्कॉमची वीज किती वेळा जाते-येते ते तुम्हाला माहीत आहे, आणि लिहिता लिहिता वीज जाणं डिस्कला सगळ्यात वाईट. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. जुन्या आठांपैकी सहा धडधाकट डिस्क फेकू नका. २,५०० रुपयांचा डॉक (सुटी डिस्क संगणकाला जोडायचं साधन) घेऊन त्यांवर द्यायच्या कामाच्या जादा कॉपी काढा, आणि काढून कपाटात ठेवा. बाहेरच्या दोन डिस्क धरून एकूण ९९,०००.

आणि पिग्मी? रोजचे तीनशे, वर्षाला एक लाखाच्या वर. जमलं की. (ही पिग्मी आपल्या कर्नाटकाचीच, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं उडुपीकडे सुरू केली. लहान दुकानदाराला एकरकमी पैसा दिसत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.) ड्रोन यंदा भाड्यानं आणा. तेरा-चौदा लग्नांत ड्रोन लागतो असं तुम्ही लिहिता, भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात लावा. पुढच्या वर्षीही भाडं भरपूर जात असेल तर तेरवा विकत घ्या.

विजेचा मुद्दा तुम्ही जाता जाता काढलाय, पण तो छोटा नाही. मे महिन्यात २१४ युनिट झाले आणि गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत वीज योजनेतून बाहेर पडून सगळं बिल भरावं लागलं. नियमच तसा आहे: २०२२-२३ ची सरासरी आणि वर दहा टक्के एवढं मोफत, आणि दोनशे ओलांडले की पूर्ण बिल. आठ डिस्कचा सर्व्हर साधारण ९५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला ६८ युनिट. दोन डिस्कवर तो ४७ वॅटच्या आसपास येईल, ३४ युनिट. उन्हाळ्यात कूलर लागला तरी दोनशेच्या आत राहाल. बाकीच्या महिन्यांत मात्र ही बचत खिशात पडणार नाही, कारण ते युनिट आधीच मोफत आहेत. दुकानदारानं ‘वीज वाचेल’ म्हणून वर्षाचे चार हजार दाखवलेत, ते खोडा.

‘टॅक्समध्ये वजावट मिळेल’ हेही खोडा. तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवून रिटर्न भरता. त्या पद्धतीत घसारा आत धरलेलाच असतो, वेगळा मागता येत नाही. जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे डिस्कवरचे १८ टक्केही परत मिळणार नाहीत. ७४,००० म्हणजे ७४,०००.

खरेदी करताना एवढं पाहा. डिस्क सीएमआर पद्धतीची (डेटाच्या ओळी शेजारी-शेजारी लिहिणारी) हवी. एसएमआर (ओळी एकमेकींवर चढवून लिहिणारी) स्वस्त असते, पण भरणीच्या वेळी फार रखडते. वॉरंटी पाच वर्षांची घ्या, तीनच्या डिस्कपेक्षा थोडे पैसे जास्त गेले तरी. एक बेळगावातून घ्या, एक कोल्हापुरातून. एकाच खोक्यातल्या दोन जुळ्या बहिणी एकदम आजारी पडू शकतात. पैसे देण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटीची तारीख बघा. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या डिस्क युरोपात नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं, तो माल आपल्याकडे येतच नाही असं समजू नका. माझ्या ऑफिससाठी मीही एकदा बिलाशिवाय स्वस्तात डिस्क आणली होती. ती चौदा महिन्यांनी गेली, आणि डेटा काढून द्यायला मागितलेली रक्कम डिस्कच्या सहापट होती. दिली नाही. अकरा गिऱ्हाइकांचे कागद पुन्हा मागितले, तोंड खाली घालून.

पुढचं कोटेशन येईल तेव्हा पत्र लिहायची वेळ येऊ नये म्हणून हिशेब असा. ७४,००० पाच वर्षांत वाटले तर वर्षाला १४,८००. बॅटरी, एखादी बाहेरची डिस्क धरून वीस-एकवीस हजार. अठ्ठावीस लग्नांवर वाटा, लग्नामागे ७५० रुपये. तुमच्या पॅकेजमध्ये हे आजपर्यंत कुठेच धरलेलं नाही. या तुळशीच्या लग्नापासून दर वाढवा आणि प्रत्येक बुकिंगच्या ॲडव्हान्समधून तेवढे वेगळ्या पिग्मीत टाका. पिग्मीवाला रोज दारात येतोच.

कोटेशन पंधरा दिवसांसाठीच आहे असं दुकानदार म्हणतो. त्याला सांगा, बॉक्स नको, आणि यूपीएसचा भाव वेगळा लिहून द्या. तोवर त्या दोन आजारी डिस्कना हात लावू नका, सर्व्हर सारखा बंद-चालू करू नका, आणि निगेटिव्हची फोल्डर कॉपी झाल्यावर त्यातले दहा-बारा फोटो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. उघडले की मगच ती डिस्क गडहिंग्लजच्या एसटीत बसवा.