वाचक विचारतात : वैशाखातले ऊन आणि त्वचेची निगा

प्रश्न : आमच्या गावातल्या किराणा दुकानातही आता सनस्क्रीन मिळू लागले आहे. दीडशे रुपयांपासून सहाशेपर्यंतच्या ट्यूबा आहेत. मी सकाळी सहाला संत्र्याच्या बागेत ओलिताला जाते, ती बाराला घरी परतते. दोन्ही गालांवर वांग आले आहेत. सनस्क्रीन लावले तर घामाने ते डोळ्यांत उतरते आणि चुरचुरते. सासूबाई म्हणतात, वावरात जाणाऱ्या बाईला ही थेरं कशाला हवीत? ताई, कोणते घ्यावे, की घेऊच नये?
— एक वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : ताई, ही थेरं नाहीत. उन्हात सहा तास राबणाऱ्या बाईला सनस्क्रीनची गरज शहरात पंख्याखाली बसणाऱ्या बाईपेक्षा जास्त असते, आणि वांग आलेल्या चेहऱ्याला तर ती औषधाइतकीच असते. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य आपल्याला उन्हाने भाजण्यापासून पुष्कळ वाचवते हे खरे आहे. परंतु तेच रंगद्रव्य उन्हाने चाळवले की गालांवर आणि कपाळावर डागांच्या रूपाने साचते. वांगाचे मलम कितीही उत्तम असले तरी ऊन अडवले नाही, तर डाग फिरून येतात.

तरीही खर्चाचा विचार करता माझा सल्ला असा आहे, की आधी कापडाकडे लक्ष द्यावे आणि मग ट्यूबेकडे. आपल्याकडे बहुतेक बाया झिरझिरीत नायलॉनची ओढणी तोंडाला बांधतात. ती दिव्यासमोर धरून पाहा. पलीकडचा उजेड स्वच्छ दिसत असेल, तर तिच्यातून ऊनही तसेच आत येते. घट्ट विणीचा, शक्यतो गडद रंगाचा सुती दुपट्टा घ्यावा आणि तो नाकावरून, गालांवरून नीट बांधावा. गारव्यासाठी तो भिजवून बांधण्याची सवय अनेकींना असते. मात्र ओल्या सुती कापडातून अतिनील किरणे कोरड्या कापडापेक्षा जास्त आत जातात, म्हणून भिजवलेले कापड डोक्यावर ठेवावे आणि चेहऱ्यावर कोरडेच असू द्यावे.

आता ट्यूबेविषयी. एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा) ३० असलेले सनस्क्रीन योग्य प्रमाणात लावले तर भाजणारी किरणे सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० असलेले सुमारे ९८ टक्के. एवढ्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. आकड्यापेक्षा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (म्हणजे भाजणारी आणि खोल जाणारी, दोन्ही अतिनील किरणे अडवणारे) हे शब्द, ‘पीए’ या अक्षरांपुढची निदान तीन अधिक चिन्हे आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ एवढे वेष्टनावर असल्याची खात्री करावी. डोळ्यांची चुरचुर होत असल्यामुळे तुम्ही झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन वापरून पाहावे. ते थोडे पांढरट दिसते, परंतु डोळ्यांना कमी झोंबते. कपाळावर ते भुवयांच्या जरा वरच थांबवावे. वांगासाठी त्वचेच्या रंगाची छटा असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइड मिसळलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि ही छटा तो अडवते.

खरी चूक प्रमाणात होते. वाटाण्याएवढे सनस्क्रीन चेहऱ्यावर पसरून काहीही साधत नाही. तर्जनी आणि मधले बोट, या दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत ट्यूबेची एकेक रेघ ओढावी. एवढे चेहरा आणि मान यांना लागते. घराबाहेर पडण्यापूर्वी वीस मिनिटे ते लावावे आणि बागेत नऊच्या सुमारास घाम टिपून पुन्हा लावावे. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे पुरते, हे घेतानाच मनाशी धरावे. म्हणूनच सहाशेची ट्यूब काटकसरीने दोन महिने पुरवण्यापेक्षा दोनशेची मोकळ्या हाताने वापरणे केव्हाही चांगले. ती गाडीच्या डिक्कीत किंवा बांधावर उन्हात ठेवू नये. पाण्याच्या कॅनीजवळ, सावलीत ठेवावी; तापून पातळ झालेल्या आणि पाणी सुटलेल्या सनस्क्रीनवर भरवसा ठेवता येत नाही.

घड्याळ जवळ नसले तर सावली पाहावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन त्वचेला बाधू लागले असे समजावे. मे महिन्यात, चंद्रपूरकडे २० तारखेच्या आणि नागपुराकडे २६ तारखेच्या सुमारास, भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखालीच नाहीशी होते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही त्याच सुमारास लागतो. त्या पंधरवड्यात ओलीत पहाटे उरकून दहाच्या आत घरी परतता आले, तर कुठल्याही ट्यूबेपेक्षा त्याचाच गुण अधिक येईल.

प्रश्न : मी बारावीची परीक्षा दिली आहे. लिंबाचा रस, हळद, खाण्याचा सोडा आणि संत्र्याच्या सालीची पूड यांचा लेप लावला की काळवंडलेला चेहरा आठ दिवसांत उजळतो, असे मोबाइलवर पाहिले. संत्री तर आमच्या घरचीच आहेत. हा लेप लावू का?
— एक विद्यार्थिनी, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

उत्तर : लिंबू आणि सोडा तर मुळीच लावू नकोस. गेल्या लग्नसराईत माझ्याकडे तुझ्याच वयाची एक मुलगी आली होती. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ उमटले होते, जणू कोणी काढ्याच्या रेघा ओढल्या असाव्यात. पाहुण्यांच्या सरबतासाठी तिने मांडवाबाहेर उन्हात बसून टोपलीभर लिंबे पिळली होती आणि रस जसा हातावरून ओघळला तसेच डाग दोन दिवसांनी उठले. कागदी लिंबात असे एक द्रव्य असते, जे त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा अक्षरशः पोळते. तिचे डाग जायला चार महिने लागले. तेच तू आपल्या हाताने चेहऱ्यावर ओढवून घेऊ नयेस, असे मला मनापासून वाटते.

खाण्याच्या सोड्याचा दोष वेगळा आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा त्याच्या उलट. त्याने त्वचेवरचे संरक्षक स्निग्ध आवरण निघून जाते. संत्र्याच्या सालीत ते पोळणारे द्रव्य लिंबाच्या मानाने फारच कमी असते. पण घरी कुटलेली पूड भरड राहते आणि तिने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात, शिवाय बागेत फवारणी झालेली असते, तीही सालीवरच असते. लेपाची हौसच असेल, तर बारीक चाळलेले डाळीचे पीठ दुधाच्या सायीत कालवून आठवड्यातून एकदा लाव आणि ते वाळून तडकण्यापूर्वीच धुऊन टाक. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यालाच शोभते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत इतरांची त्वचा ती आणखी ओढून काढते.

कोरफड घरी असेल तर ती जरूर वापरावी. पान कापल्यावर ते पेल्यात उभे ठेवून पिवळा चीक पंधरा मिनिटे निथळू द्यावा, कारण त्या चिकाने खाज सुटते. मग आतला स्वच्छ गर आधी कोपराच्या आत लावून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी त्रास नसेल तर चेहऱ्यावर घ्यावा.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचे आहे. मानेवर आणि पाठीवर घामोळ्या आल्या आहेत. कोणती पावडर चांगली?
— एक आई, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : कोणतीच नाही. घामाची तोंडे बुजल्याने घामोळ्या येतात आणि पावडर त्यांत आणखी भर घालते. उडालेली भुकटी बाळाच्या श्वासात जाते, हा धोका निराळाच. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने पुसून काढावे, मानेच्या घड्या कोरड्या कराव्यात आणि जुन्या धुवट धोतराचे सैल झबले घालावे. तेल लावून मालिश काही दिवस बंद ठेवावी. घामोळ्यांत पू दिसला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : बहिणीच्या लग्नापूर्वी आठवडी बाजारातून गोरेपणाची क्रीम आणली. पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळला. आता ती थांबवली की चेहरा लालभडक होतो, आग होते आणि हनुवटीवर लव वाढली आहे. डबीवर कंपनीचा पत्ता नाही. काय करावे?
— नाव न देण्याची विनंती, जिल्हा बुलढाणा

उत्तर : तुमची काहीही चूक नाही, चूक तुम्हाला ती डबी विकणाऱ्याची आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणे स्टेरॉइडची आहेत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड औषधे विशिष्ट आजारांवर थोडे दिवस वापरायची असतात. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते, तिच्यातून लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही बाजारात ती सर्रास विकली जातात. क्रीम आपल्या मनाने बंद-सुरू करत बसू नका. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात डबीसह जा. ती पायरीपायरीने सोडवावी लागते आणि दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

याहून भयंकर असतो तो काही गोरेपणाच्या क्रीममध्ये मिसळलेला पारा; तो मूत्रपिंडे बिघडवतो. केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत रोगाचा एक खास प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती घेऊच नये. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांपासून दूर ठेवावे’ अशी सूचना असेल, तर ती पाऱ्याची खूण समजावी. तुमच्या पायांवर सूज येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

प्रश्न : तेंदूपत्त्याच्या हंगामात महिनाभर जंगल तुडवावे लागते. टाचा फाटतात, ओठ सोलतात. स्वस्तातला उपाय सांगावा.
— एक वाचक, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली

उत्तर : भाऊ, ओठांना साधे व्हॅसलीन पुरते, मात्र जिभेने ओठ ओले करण्याची सवय मोडावी लागेल, कारण ती ओलसर जागा वाळताना ओठ आणखी उलतात. टाचांसाठी औषधाच्या दुकानात दहा टक्के युरियाची क्रीम मिळते, ती उत्तम. घरात मोहाच्या बियांचे तेल असेल, तर तेही चालते. रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून टिपावे आणि ओलसर असतानाच क्रीम किंवा तेल चोळून सुती मोजे घालून निजावे. भेग ब्लेडने कापू नये. मधुमेह असेल आणि भेगेतून रक्त येत असेल, तर घरचे उपाय सोडून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय दाखवावा, आणि तोवर अनवाणी जंगलात जाऊ नये.